हाडं मऊ का पडतात? मुडदूस आणि अस्थिमृदुता ओळखण्याची व बरी करण्याची पद्धत

अंग दुखतं म्हणून हाडांच्या घनतेची चाचणी होते, आकडा कमी येतो, अहवालावर ‘ऑस्टिओपोरोसिस’ असं छापलेलं असतं आणि त्याचं औषध सुरू होतं. यातल्या काही जणांची हाडं विरळ झालेली नसतात, मऊ पडलेली असतात. डेक्सा यंत्र हाडातलं खनिज मोजतं. ते कमी का झालं, हे त्याला सांगता येत नाही. उपचार मात्र पार वेगळे आहेत. ऑस्टिओपोरोसिसवर उपयोगी पडणारी बिस्फॉस्फोनेट औषधं अस्थिमृदुतेच्या रुग्णाला दिली, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं आणि मुळातलं बिघडलेलं काम आणखी रखडतं. म्हणून हाडदुखीच्या कुठल्याही रुग्णाला ही औषधं लिहिण्याआधी दोन स्वस्त तपासण्या पाहिल्याच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे: रक्तातलं फॉस्फेट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज. व्हिटॅमिन डीचा आकडा सगळे पाहतात. निदानाची वाट बहुतेक वेळा या दोन आकड्यांतून जाते, आणि तेच दुर्लक्षित राहतात.

हा लेख कुटुंबाच्या डॉक्टरांसाठी आहे, तसाच स्वतःचे किंवा मुलाचे अहवाल समजून घेऊ पाहणाऱ्यांसाठीही. मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

हाडात खनिज भरतं कसं

हाड आधी मऊ साच्याच्या रूपात तयार होतं. हा साचा, म्हणजे ऑस्टिऑइड, मुख्यतः कोलॅजनचा असतो. मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसतात आणि हाड कडक होतं. यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसं कॅल्शियम, पुरेसं फॉस्फेट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम. पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ स्फटिकांची वाढ रोखतो. त्याला तोडण्याचं काम हे एन्झाइम करतं. तिघांपैकी एक जरी कमी पडलं, तरी साचा बनत राहतो आणि खनिज मात्र भरत नाही. मोठ्या माणसात हीच अस्थिमृदुता, म्हणजे ऑस्टिओमलेशिया. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्याही बिघडतात, तो मुडदूस.

मुडदुसाची वाट कुठूनही सुरू झाली तरी बहुधा कमी फॉस्फेटपाशीच पोचते. व्हिटॅमिन डी किंवा कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त पीटीएच हे संप्रेरक सोडतात. पीटीएच हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तातली पातळी सावरतं, पण त्याच वेळी किडनीतून फॉस्फेट बाहेर टाकतं. वाढीच्या पट्टीतल्या कूर्चेच्या पेशी वेळेवर मरून हाडाला जागा करून देतात, आणि त्यासाठी त्यांना फॉस्फेट लागतं. ते नसलं की या पेशी साचत जातात, पट्टी रुंद होते आणि मनगट जाड दिसू लागतं.

पायरी पहिली: तक्रार ऐका, मग हाडावर अंगठा दाबून पाहा

मोठ्या माणसाचं हे दुखणं सांध्यापेक्षा हाडात असतं. कंबर, खुबे, मांड्या, बरगड्या, पावलं. बहुधा दोन्ही बाजूंना, खोलवर ठणकणारं, उभं राहिल्याने आणि चालल्याने वाढणारं. सोबत मांड्यांतली आणि खांद्यातली ताकद जाते. रुग्ण नुसतं ‘अशक्तपणा आलाय’ म्हणतो, म्हणून नेमकं विचारावं. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? जिना चढताना कठडा धरून अंग वर ओढावं लागतं का? केस विंचरताना हात भरून येतात का? चालताना माणूस दोन्ही बाजूंना डुलत असेल तर ती खूण मोठी आहे.

मग नडगीच्या पुढच्या सपाट भागावर आणि छातीच्या मधल्या हाडावर अंगठ्याने घट्ट दाबा. बरगड्या दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून हलक्या दाबा. मऊ पडलेल्या हाडावर माणूस कळवळतो. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगा आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. पुढे उपचार लागू पडतोय की नाही, हे हाच आकडा सर्वांत आधी सांगतो. असे रुग्ण वर्षानुवर्षं ‘वय झालं’, ‘संधिवात’, ‘मानसिक ताण’ अशा लेबलांखाली फिरत असतात. तपासणाऱ्याने दोन मिनिटं नडगी दाबून पाहिली असती, तर त्यांची बरीच वर्षं वाचली असती.

मुलांत चित्र वेगळं. चालायला उशीर, दात उशिरा येणं, टाळू वेळेवर न भरणं, पुढे आलेलं कपाळ, रुंद मनगटं, बरगड्यांच्या टोकांना मण्यांच्या माळेसारख्या गाठी, फेंगडे पाय किंवा एकमेकांवर घासणारे गुडघे. तान्ह्या बाळात पहिली खूण कधी कधी कॅल्शियम घसरल्याने येणारी आकडीच असते, क्वचित हृदय कमकुवत झालेलं आढळतं. अशा बाळाला थेट रुग्णालयात न्यावं. तिथे ईसीजीवर लक्ष ठेवून शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं जातं. मात्र प्रत्येक फेंगडा पाय म्हणजे मुडदूस नव्हे. साधारण दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर वाकलेले असतात, तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे आत येतात आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेक सरळ होतात. एकच पाय वाकलेला असेल, वाकडेपणा वाढत असेल, उंची खुंटली असेल किंवा मनगटही जाड असेल, तर थांबू नये.

दात मुद्दाम विचारा. कीड नसताना हिरड्यांवर वारंवार गळू येत असतील, तर ते फॉस्फेट गळण्याच्या आनुवंशिक आजाराकडे बोट दाखवतं. पाच वर्षांच्या आत दुधाचा दात मुळासकट गळून पडला असेल, तर एन्झाइमच्या कमतरतेचा, म्हणजे हायपोफॉस्फेटेशियाचा संशय घ्या. घरच्यांना क्षुल्लक वाटलेला हा एक दात निदानाची दिशाच बदलू शकतो.

इतिहासात ऊन, आहार, जुनाट जुलाब, सिलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडणं), पोटाची किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, यकृत आणि किडनी यांबद्दल विचारा. औषधांची यादी स्वतः वाचा. फेनिटॉइन, फेनोबार्बिटल, कार्बामॅझेपिन आणि रिफाम्पिसिन व्हिटॅमिन डी लवकर मोडतात. टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल, ॲडेफोव्हिर आणि आयफॉस्फमाइड किडनीच्या नलिकांना इजा करून फॉस्फेट गळवू शकतात. ॲल्युमिनियमची आम्लपित्ताची औषधं दीर्घकाळ घेतली तर फॉस्फेट आतड्यातच अडकतं. लोहाची शिरेतून दिली जाणारी फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज ही इंजेक्शनंही विसरू नका. वारंवार घेतल्यास फॉस्फेट बरंच खाली जाऊ शकतं आणि हाडं दुखू लागतात.

पायरी दुसरी: रक्त आणि लघवी एकाच वेळी, उपाशीपोटी

रक्तात कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि पीटीएच पाहा. त्याच वेळी लघवीतलं फॉस्फेट, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ग्लुकोज. लघवी रात्रभर साठलेली नको. सकाळची दुसरी घ्या. आधी व्हिटॅमिन डीचे मोठे डोस देऊन मग तपासण्या केल्या, तर चित्र पुसलं जातं आणि मूळ कारण हाती लागणं अवघड होतं.

इथे फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. जेवणानंतर किंवा ग्लुकोजची सलाइन चालू असताना फॉस्फेट खोटं कमी दिसतं. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तर खोटं जास्त दिसतं. मोठ्यांत फॉस्फेट साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, लहान मुलांत ४.५ ते ६.५ च्या आसपास. तीन वर्षांच्या मुलाच्या अहवालावर मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल, तर २.९ हा आकडा ‘नॉर्मल’ ठरतो आणि आजार निसटतो. अल्कलाइन फॉस्फेटेजचंही तसंच: वाढत्या मुलात ते मुळातच जास्त असतं, त्यामुळे मोठ्यांच्या मर्यादेत बसणारा आकडा मुलासाठी खूप कमी असू शकतो. शिवाय रक्त ईडीटीएच्या नळीत गेलं असेल तर हे एन्झाइम खोटं कमी येतं, कारण त्याला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियम ईडीटीए बांधून टाकतं. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असेल तर यकृतातून आलेलं नाही ना, हे गॅमा जीटी हे यकृताचं एन्झाइम पाहून ठरवा.

१,२५-डायहायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे त्याचं सक्रिय रूप, ही तपासणी कमतरता शोधायला वापरू नका. शरीरातला व्हिटॅमिन डीचा साठा संपत आलेला असतानाही पीटीएचच्या रेट्यामुळे तो आकडा नॉर्मल किंवा वाढलेला येऊ शकतो.

पायरी तिसरी: आकडे एकत्र वाचा

पहिला फाटा अल्कलाइन फॉस्फेटेजचा. मुडदूस किंवा अस्थिमृदुता असताना ते जवळजवळ नेहमी वाढलेलं असतं. ते कमी असेल तर वाट वेगळी: हायपोफॉस्फेटेशिया. पण आधी झिंक-मॅग्नेशियमची कमतरता, स्कर्व्ही, थायरॉइडची कमतरता आणि बिस्फॉस्फोनेटचा वापर बाजूला काढा. मग रक्तातलं पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे बी-६ जीवनसत्त्वाचं एक रूप, मोजा. हायपोफॉस्फेटेशियात ते वाढतं. मात्र बी-६ च्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी बंद करायला हव्यात.

अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं असेल तर पुढचा फाटा पीटीएचचा. पीटीएच बरंच वाढलेलं, कॅल्शियम कमी किंवा खालच्या काठावर, लघवीत कॅल्शियम अगदी थोडं: ही कॅल्शियमच्या तुटवड्याची वाट. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कारण बहुधा तेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पोषणजन्य मुडदुसाच्या जागतिक सहमतीत १२ च्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं आणि २० च्या वर पुरेसं, असं धरलं आहे. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. व्हिटॅमिन डी १७ आलं म्हणजे हाडदुखीचं कारण सापडलं, असं होत नाही. इतका आकडा असलेल्या असंख्य लोकांची हाडं उत्तम असतात. पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल असताना सगळा दोष या १७ वर टाकला, तर खरा आजार मागे राहतो.

उलट, मुलाचं व्हिटॅमिन डी ठीक आहे आणि तरी मुडदूस आहे, तर आहारातलं कॅल्शियम मोजा. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून कमी कॅल्शियमवर वाढणाऱ्या मुलाला केवळ तेवढ्यानेच मुडदूस होऊ शकतो. व्हिटॅमिन डी भरूनही हाडं सुधारत नसतील तर आनुवंशिक प्रकार आठवा. एकात किडनीत सक्रिय व्हिटॅमिन डी बनत नाही. दुसऱ्यात ते भरपूर बनतं पण पेशी त्याला दाद देत नाहीत. यातल्या बऱ्याच मुलांच्या डोक्यावर केस नसतात.

आता दुसरी वाट. फॉस्फेट कमी, कॅल्शियम नॉर्मल, पीटीएच नॉर्मल किंवा किंचित वाढलेलं. इथे एकच प्रश्न: फॉस्फेट शरीरात पोचतच नाही, की किडनीतून गळतंय? तो कागदावर सुटतो. लघवीतलं फॉस्फेट गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, याला भागा रक्तातलं फॉस्फेट गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन यांनी. समजा रक्तात फॉस्फेट १.८ आणि क्रिएटिनिन ०.८, लघवीत फॉस्फेट ४५ आणि क्रिएटिनिन ८० आहे (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). ४५ गुणिले ०.८ म्हणजे ३६; १.८ गुणिले ८० म्हणजे १४४, भागाकार ०.२५. म्हणजे गाळलेल्या फॉस्फेटपैकी २५ टक्के वाहून जातंय आणि फक्त ७५ टक्के परत शोषलं जातंय. रक्तात फॉस्फेट इतकं कमी असताना निरोगी किडनी ९० टक्क्यांहून जास्त परत घेते. निदान गळतीचं. ०.७५ ला १.८ ने गुणलं की १.३५ येतं, ही किडनीची फॉस्फेट धरून ठेवण्याची मर्यादा. मोठ्यांत ती २.५ च्या वर असायला हवी. पीटीएच खूप वाढलेलं असेल तर मात्र ही गळती त्याचीच असू शकते, म्हणून हे गणित पीटीएचशेजारी ठेवूनच वाचावं.

गळती ठरली की तिचं उगमस्थान शोधा. रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत ग्लुकोज सापडलं, बायकार्बोनेट आणि पोटॅशियमही कमी असलं, तर नलिकांचा सार्वत्रिक बिघाड, म्हणजे फॅन्कोनी सिंड्रोम. यातलं काही नसेल तर एफजीएफ-२३ हे संप्रेरक मोजा. हाडातल्या पेशी ते सोडतात आणि ते किडनीला फॉस्फेट टाकायला लावतं. लहानपणापासून त्रास आणि कुटुंबात वाकडे पाय असतील तर एक्सएलएच, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या पीएचईएक्स जनुकातल्या दोषाने होणारा फॉस्फेट गळण्याचा आनुवंशिक आजार. धडधाकट माणसाला मोठेपणी हाडदुखी, अस्थिभंग आणि कमी फॉस्फेट सुरू झालं, तर शरीरात कुठेतरी एफजीएफ-२३ बनवणारी छोटी गाठ शोधावी लागते. एफजीएफ-२३ ची चाचणी फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल (सक्रिय व्हिटॅमिन डी) सुरू करण्याआधी करावी, कारण त्यांनी एफजीएफ-२३ वाढतं.

पायरी चौथी: एक्स-रे

मुलाचं मनगट आणि गुडघा एवढे पुरतात. हाडाचं टोक वाटीसारखं खोलगट, कडा विसविशीत, पट्टी रुंद. मोठ्यांत लूझर झोन शोधा: हाडाच्या कडेला काटकोनात जाणारी अरुंद, अर्धवट भेग, बहुधा दोन्ही बाजूंना सारख्याच जागी. मांडीच्या हाडाच्या मानेची आतली कड, जांघेतली हाडं, खांद्याच्या पात्याची बाहेरची कड आणि बरगड्या बारकाईने पाहा. दीर्घकाळ बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांत होणारा वेगळा अस्थिभंग मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो, त्याच्याशी गल्लत नको. बोन स्कॅनमध्ये बरगड्यांवर अनेक ठिपके उजळलेले दिसले की कॅन्सर पसरल्याचा धसका बसतो. त्या क्षणी फॉस्फेट पाहिलेलं नसेल तर आधी ते पाहा.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर कमरेच्या हाडाची बायोप्सी, हाडाच्या नव्या थरावर खूण उमटवणाऱ्या टेट्रासायक्लिनचे दोन ठरावीक अंतराने दिलेले डोस घेऊन. आज तिची गरज क्वचित पडते. किडनीच्या जुनाट आजारात ती अजूनही महत्त्वाची आहे.

पायरी पाचवी: उपचार

पोषणजन्य मुडदुसात व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम सोबतच द्यायचं. नुसतं डी दिलं तर भुकेलं हाड कॅल्शियम ओढून घेतं आणि रक्तातली पातळी घसरू शकते. जागतिक सहमतीतल्या रोजच्या मात्रा अशा, किमान १२ आठवडे:

- १२ महिन्यांपर्यंत २,००० युनिट
- १ ते १२ वर्षं ३,००० ते ६,००० युनिट
- १२ वर्षांपुढे ६,००० युनिट

सोबत कोणत्याही वयाच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, आहारातून किंवा औषधातून. नंतर वर्षाच्या आतल्या बाळाला ४०० आणि त्यापुढे ६०० युनिट रोज. मोठ्यांना साधारणपणे आठवड्याला ५० हजार युनिट ८ ते १२ आठवडे देऊन पुढे रोज ८०० ते २,००० युनिट दिले जातात. आहार धरून कॅल्शियम १,००० ते १,२०० मिलिग्रॅम. शोषणच बिघडलेलं असेल तर मात्रा बरीच वाढवावी लागते. कॅल्सिट्रिऑल हा कमतरतेवरचा उपचार नव्हे, त्याने साठा भरत नाही. आणि निदान न करता पुन्हा पुन्हा सहा लाख युनिटची व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं टोचू नयेत. कॅल्शियम वाढून किडनीला कायमची इजा होऊ शकते. मॅग्नेशियम कमी असेल तर ते आधी भरा, नाहीतर पीटीएच नीट काम करत नाही.

एक्सएलएचमध्ये नुसतं व्हिटॅमिन डी देणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून टाकी भरणं. जुनी पद्धत फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल एकत्र देण्याची. मुलांना फॉस्फेट दिवसाला दर किलो वजनामागे २० ते ६० मिलिग्रॅम, चार ते सहा वेळांत विभागून, कारण रक्तातली वाढ काही तासच टिकते. नुसतं फॉस्फेट कधीच देऊ नये. पीटीएच वाढून गळती वाढते. मात्रा जास्त झाली की किडनीत कॅल्शियम साचतं, म्हणून लघवीतलं कॅल्शियम आणि किडनीची सोनोग्राफी नियमित हवी. २०१८ साली बुरोसुमॅब या एफजीएफ-२३ ला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली. मुलांना दर दोन आठवड्यांनी आणि मोठ्यांना दर चार आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन दिलं जातं. ते सुरू करण्याआधी फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल बंद करावं लागतं. औषध अतिशय महाग आहे, म्हणून जुनी पद्धत आजही अनेकांचा आधार आहे आणि ती नीट वापरणं शिकून घेण्यासारखं आहे.

गाठीमुळे झालेल्या अस्थिमृदुतेत मात्र पूर्ण बरं होता येतं. गाठ कधी नखाएवढी, पावलात, मांडीत किंवा सायनसमध्ये लपलेली असते. गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी ही स्कॅन तपासणी तिला शोधण्यात सर्वांत उपयोगी. ती डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत करून घ्या, नाहीतर पायातली गाठ सुटते. पूर्ण काढली की काही दिवसांत फॉस्फेट नॉर्मल होतं, आणि चाकाच्या खुर्चीवर आलेला माणूस काही महिन्यांत चालू लागतो.

हायपोफॉस्फेटेशियात बिस्फॉस्फोनेट टाळायचं. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय व्हिटॅमिन डी-कॅल्शियमचे मोठे डोसही नकोत, कारण बाळांत कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं. लहानपणी सुरू झालेल्या तीव्र प्रकारात ॲस्फोटेज अल्फा हे एन्झाइमच इंजेक्शनने देता येतं. त्याला २०१५ साली मान्यता मिळाली. औषधामुळे झालेल्या प्रकारात ते औषध तज्ज्ञाच्या सल्ल्याने बदला. रक्त आम्लधर्मी होण्यामुळे झालेल्या प्रकारात अल्कली, म्हणजे आम्ल कमी करणारं औषध, हाच मुख्य उपचार.

पायरी सहावी: सुधारणा मोजा

मुडदुसात तीन-चार आठवड्यांत एक्स-रेवर वाढीच्या पट्टीपाशी पांढरी रेघ उमटू लागते. पोषणजन्य मुडदुसात ती उमटली नाही, तर औषध दिलं जातंय का हे आधी विचारा. तरीही नाही, तर निदान चुकलंय असं समजून मागे फिरा. मोठ्यांत ताकद आणि वेदना काही आठवड्यांत सुधारू लागतात, पण अल्कलाइन फॉस्फेटेज उतरायला महिने जातात. सुरुवातीला ते थोडं वाढतंही, त्याने घाबरू नये. लघवीतलं कॅल्शियम वाढू लागलं की हाडाची भूक भागत आली असं समजा आणि मात्रा कमी करा. डेक्साची घाई नको.

वाकलेल्या पायांवर लगेच शस्त्रक्रिया करू नका. रक्तातले आकडे जागेवर आल्यावर वाढत्या मुलाची हाडं स्वतःच बरीच सरळ होतात. किमान वर्षभर वाट पाहावी. आजार आटोक्यात नसताना हाड कापलं तर ते जुळत नाही, किंवा पुन्हा वाकतं.

एक्सएलएच निघाल्यास घरातल्यांना तपासा. वडिलांना असेल तर सगळ्या मुलींमध्ये तो येतो आणि मुलग्यांमध्ये येत नाही. आईला असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचं फॉस्फेट नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एका अहवालावर निर्धास्त राहू नये. जनुकाची तपासणी करावी, नाहीतर सहा महिन्यांचं होईपर्यंत फॉस्फेट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पुन्हा पुन्हा पाहावं; पाय वाकण्याआधी सुरू झालेल्या उपचाराचा लाभ उंचीला आणि दातांनाही मिळतो.